पाय कोणत्या भिंतीकडे

मी ज्यांचं सगळ्यात जास्त देणं लागतो ते आमच्या शाळेतले शिपाईमामा. आई-वडिलांचं ऋण असतंच, ते वेगळं. पण मी पदवीधर झालो, योग शिकलो, मुंबईत चार माणसांसमोर उभा राहून बोलू लागलो, हे सगळं मामांमुळे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो.

सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. वडील बाजार समितीत हमाल. एका खोलीत आम्ही सहाजण, त्यामुळे अभ्यासाला जागा नव्हती. मामा पहाटे पाचला शाळा उघडायचे आणि माझ्यासारख्या पाच-सहा मुलांना सातवी-ब चा वर्ग देऊन टाकायचे. त्या बदल्यात साडेसहाला मैदान झाडायचं, सतरंजी अंथरायची आणि त्यांच्याबरोबर सूर्यनमस्कार आणि आसनं करायची. ती ते कुठे शिकले होते हे आम्हाला कधीच कळलं नाही. आसनांची नावंही त्यांची स्वतःची होती. शेवटी सगळ्यांनी उताणं पडून राहायचं, त्याला ते "निवणं" म्हणायचे.

त्यांची एक सवय आम्हाला फार गमतीची वाटायची. नवीन मुलगा आला की ते त्याला विचारायचे, "घरी झोपताना डोकं कुठं करतो रे?" मुलगा बोट दाखवायचा. मामा त्या दिशेला बघायचे, मग समोरच्या देवळाकडे, मग तांबोळी गल्लीतून येणाऱ्या दोन मुसलमान पोरांकडे बघायचे आणि कधीकधी अख्खी सतरंजी फिरवायला लावायचे. आम्ही हसायचो. मी त्यांची नक्कलसुद्धा करायचो.

बारावीनंतर जिल्ह्याच्या गावी कॉलेजात नाव घालायला वडिलांना खाडा करता येईना. मामा आले. खाकी कपड्यांतच आले आणि फॉर्मवर पालकाच्या जागी सही करून गेले.

पदवी झाली, योगशिक्षकाची पदविका झाली आणि मी मुंबईला आलो. लालबागला एका गाळ्यात चौघांबरोबर राहायचो आणि लोअर परळला एका योग स्टुडिओत शिकवायचो. पूर्वी जिथे गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे, तिच्या पाचव्या मजल्यावर. लाकडी फरशी, एका भिंतीवर धबधब्याचं चित्र, डोळ्यांवर ठेवायला सुगंधी उश्या. तिथली माणसं चांगली होती. मला कोच म्हणायची. चार वर्षं मी तिथे काढली आणि त्यांच्या पद्धतीनं शिकवायला शिकलो.

पण रोज कामावर जाताना मी लालबागच्या ज्या चाळीवरून जायचो तिथल्या बायका कठड्याला धरून, एक एक पायरी थांबत जिना चढताना दिसायच्या. माझी आई अशीच चढते. मला वाटायचं, मी शिकलो ते यांच्यासाठी. असं मी मित्रांनाही सांगायचो. आता ते आठवलं की जरा लाज वाटते, कारण त्यात थोडा आव होता.

चाळीच्या तळमजल्यावर मंडळाचा हॉल आहे. गणपतीचे पंधरा-वीस दिवस सोडले तर तिथे कॅरम आणि बारशी. बस डेपोतून निवृत्त झालेले एक गृहस्थ चाळ कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ अट घातली. गुढीपाडव्याला सुरू करा. श्रावणात कमिटीची मीटिंग होते, तोपर्यंत वीस माणसं नियमित येत असली तर गणपतीनंतर हॉल वर्षभर तुमचा. नसली तर एक कोचिंग क्लासवाले मागतायत, त्यांना देऊ. मी वीसला लगेच हो म्हणालो. लोअर परळला एका बॅचला तीस यायचे. होळीनंतर मी नोकरी सोडली.

हॉलच्या समोरच्या भिंतीवर मंडळाच्या गणपतीची मोठी तसबीर आहे, तिच्यावर लाल बल्ब. खाली एका ओळीत चाळीतल्या गेलेल्या माणसांचे फोटो. कुणी मंडळ काढलेले, कुणी गिरणीच्या संपात पुढे असलेले, कुणी नुसतेच सगळ्यांना हवे असलेले. मला त्याच भिंतीवर आरसा हवा होता, कारण उजेड तिथे चांगला पडतो. मी सेक्रेटरींना विचारलं, फोटो बाजूच्या भिंतीवर हलवता येतील का.

"मास्तर, ती माणसं तिथेच राहणार," ते म्हणाले. "तुमचा आरसा खाली बसवा."

मी खाली बसवला. वर फोटो, खाली आरसा, आरशासमोर मी. बाहेर बोर्ड लावला, "योग स्टुडिओ". पहिल्या आठवड्यात तीन माणसं आली. त्यातल्या एका आजोबांना पासपोर्ट साइझ फोटो काढायचा होता. मी बोर्ड बदलून "योग वर्ग" केलं.

वेळेचंही चुकलं होतं. मी सकाळी सहाची वेळ ठेवली होती. सहाला चाळीत पाणी असतं. पाणी असताना कोण श्वास मोजत बसणार? हे मला एप्रिल संपेपर्यंत कुणी सांगितलं नाही. विचारलं की "येऊ, येऊ" म्हणायचे. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंनी जिन्यात अडवून सांगितलं, "मास्तर, साडेधाक ठेव. डबे गेले, भांडी झाली, मग आमी मोकळी."

या काकू देवगडकडच्या. वय साठ-बासष्ट. मालक दोन वर्षांपूर्वी गेलेले. साडेदहाची वेळ झाल्यावर पहिल्या दिवशी त्या गॅलरीत उभ्या राहिल्या आणि प्रत्येक दाराकडे बघत त्यांनी एकेकीला खाली काढलं. कुणी म्हणालं, मला साडीत जमायचं नाही. काकू म्हणाल्या, तुझ्या सासूनं साडीत गिरण चालवली. वटपौर्णिमेपर्यंत माझ्या वहीत एकोणीस नावं झाली. त्यात एक नायगावच्या ताई होत्या. त्यांची बीडीडी चाळ पाडायला घेतल्यामुळे त्या शेजारच्या गल्लीत तात्पुरत्या भाड्याच्या घरात आल्या होत्या आणि परळच्या एका हॉस्पिटलात वॉर्डात कामाला होत्या. रात्रपाळी सुटली की त्या थेट यायच्या.

एकोणीस. मला फक्त एक माणूस कमी होतं. मी गाळ्यावर परत जाताना मनात बोर्डाचा रंग ठरवायचो.

आणि मग तो दुधाचा प्रकार. तास अकरा वीसला संपत आला, मी म्हणालो आता शवासन, की अर्धा वर्ग उठायचा. गॅसवर दूध आहे. नळ चालू राहिला. सून एकटी आहे. कुरिअरवाला येणार आहे. मी शवासनाचं महत्त्व समजावलं. त्या माना डोलावायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायच्या. एका चाळीत रोज अकरा वीसला इतकं दूध कसं उतू जातं हे मला कळेना. ज्या थांबायच्या त्याही नीट पडायच्या नाहीत. कुणी कुशीवर. कुणी गुडघे वर करून. नायगावच्या ताई तर नेहमी तिरक्या, चटईच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. मी रोज जाऊन त्यांची चटई सरळ करायचो.

मला राग यायचा. लोअर परळला कुणी असं केलं नव्हतं. मला वाटलं, या बायकांना स्वतःसाठी पाच मिनिटं पडून राहायचीही सवय नाही, ती मीच लावायला हवी. हा विचार मला त्या वेळी मोठा वाटला होता.

आषाढातल्या एका मंगळवारी मी शवासन म्हणालो आणि काकू उठल्या. मी दारात जाऊन उभा राहिलो. सगळ्यांसमोर म्हणालो की तुम्ही मोठ्या आहात, तुमचं बघून बाकीच्या उठतात, आज कुणीही जायचं नाही. मी आवाज चढवला नव्हता, पण गोडही नव्हतो. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग परत गेल्या आणि पडल्या. गुडघे वर घेऊन, पावलं पोटाशी ओढून पडल्या.

मी जवळ गेलो, खाली बसलो आणि त्यांचे दोन्ही घोटे धरून पाय सरळ केले. त्यांनी एकदा ओढून घेतले. मी हसून पुन्हा सरळ केले. त्या पडून राहिल्या. डोळे मिटले नव्हते. मला वाटलं, चला, जमलं.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या नाहीत. त्यांच्या मजल्यावरच्या सहाजणीही आल्या नाहीत. आठवडा संपेपर्यंत वर्गात सातजणी उरल्या. जिन्यात कुणी भेटलं की अगदी प्रेमानं बोलायचं. मास्तर, जेवलात? मास्तर, गावी जाऊन आलात? वर्गाचं काढलं की पाव्हणे आलेत, श्रावणाचं सामान भरायचंय, गुडघा धरलाय. मीटिंगला तीन आठवडे होते. मी सेक्रेटरींना विचारलं, काही चुकलं का माझं? ते म्हणाले, बायकांचं आहे, येतील. एवढंच. मी एका बाईंना तर हात जोडून विचारलं की काय झालं ते सांगा. त्यांनी मला घरात नेऊन घावणे खायला घातले आणि काहीही सांगितलं नाही. ते घावणे मी रागानं खाल्ले.

शेवटी सांगितलं नायगावच्या ताईंनी. वर्ग संपल्यावर त्या चटई गुंडाळत थांबल्या.

"सर, एक बोलू? राग मानू नका."

मी म्हणालो, बोला.

"तुम्ही सगळ्यांचे पाय कुठे करता ते जरा बघा."

मी बघितलं. आरसा. आरशाच्या वर फोटोंची ओळ. शेवटचा फोटो सगळ्यात नवा, काच अजून स्वच्छ. एक हसरे गृहस्थ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. चार महिने मी त्यांच्याखाली उभा राहून शिकवत होतो आणि ते कोण, हे मी विचारलं नव्हतं.

"काकूंचे मालक," ताई म्हणाल्या. "आमच्याकडे बुद्धाची मूर्ती आहे. तिच्याकडे पाय करून आमचं पोरगंसुद्धा झोपत नाही. यांच्याकडे तर वर गणपती आणि खाली घरची माणसं."

"मग तुम्ही इतके दिवस कशा झोपत होता?"

"तिरकी. तुम्ही रोज सरळ करायचात."

मी विचारलं, हे आधी का सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, "मी बाहेरची. त्यांच्या फोटोंचं मी काय बोलायचं? मला वाटलं, त्याच सांगतील."

मी काही परदेशातून आलेलो नव्हतो. आमच्या खोलीत देवाचा कोनाडा ज्या भिंतीला होता तिकडे कुणाचा पाय गेला तर आई झोपेतून उठवायची. हे मला सांगायची गरजच पडायला नको होती. पण चार वर्षं मी धबधब्याच्या चित्राकडे पाय करायला शिकवत होतो आणि भिंत म्हटली की मला आता फक्त आरसा दिसत होता. स्वतःचा राग आला. पण खरं सांगायचं तर त्यांचाही आला. महिनाभर खोटं दूध उतू घालण्यापेक्षा एकीनं तरी तोंड उघडलं असतं तर?

त्याच संध्याकाळी मी काकूंच्या दारात गेलो. त्यांनी आत बोलावलं, चहा टाकला. गुडघो दुखता, म्हणाल्या, म्हणून येणा नाय. मी म्हणालो, काकू, मला आज कळलं. मी माफी मागायला आलोय.

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. "खालचो फोटो मीच पुसतंय, दर शनवारी," त्या म्हणाल्या. आणि मग, "माझे पाय धरून तू त्यांच्यासमोर लांब केलंस, मास्तर."

मी म्हणालो, तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं.

"तू शिकलेलो माणूस. मी तुका काय सांगतलंय?"

चहा पिऊन मी निघालो. येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या चटया फिरवल्या. आता पाय दाराकडे, डोकी फोटोंकडे. आरसा पाठीमागे गेला, म्हणजे तो लावून काही उपयोग उरला नाही. मी गॅलऱ्या फिरून प्रत्येकीला सांगितलं की मी चटया फिरवल्यात. कुणी त्यावर काही बोललं नाही, पण बायका परत येऊ लागल्या. आणि गंमत म्हणजे शवासनाला दूध उतू जायचं थांबलं. नऊ, अकरा, चौदा. चौदावर थांबलं. काकू आल्या नाहीत, आणि काकू नाहीत म्हणून ज्या चार-पाचजणी नव्हत्या, त्याही आल्या नाहीत.

मीटिंग त्याच हॉलमध्ये झाली. कमिटीची माणसं फोटोंखाली सतरंजीवर बसली होती. माझी वही मीच लिहिलेली, त्यामुळे त्यात काही लपवायला जागा नव्हती. मी आणखी एक महिना मागितला. मी चुकलो ते सुद्धा सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला तेव्हा कळलं की हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. ज्या दिवशी झालं, त्याच दिवसापासून.

"मास्तर, तुमचं काम चांगलं आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पण शब्द वीसचा होता."

हॉल कोचिंग क्लासला गेला. आरसा काढताना भिंतीचं प्लास्टर निघालं, ते मी भरून दिलं. आरसा न्यायला माझ्याकडे जागा नव्हती. तो जिन्याखाली उभा करून ठेवलाय. सकाळी ऑफिसला जाणारा प्रत्येकजण त्यात भांग पाडतो. माझ्या स्टुडिओतली चाळीला खरोखर उपयोगी पडलेली वस्तू ती एवढीच, असं मला त्या दिवसांत वाटायचं. मी लोअर परळला संध्याकाळच्या दोन बॅच परत घेतल्या.

आठवड्याभरानं दुसऱ्या मजल्यावरून निरोप आला की मास्तर, गॅलरीत घ्या.

गॅलरी साडेतीन फूट रुंद. बादल्या, तुळशीच्या कुंड्या, चपलांचे रॅक एका बाजूला सरकवले तर एकीमागे एक अशा दहाजणी बसतात. हात पसरायचे तर कठड्याबाहेर जातात. खालच्या टॅक्सीवाल्यांना आम्ही रोज दिसतो. आणि शवासनाला नवीनच भांडण उभं राहिलं. एकीमागे एक झोपायचं तर प्रत्येकीचे पाय पुढचीच्या डोक्याशी. कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी चालतील? वहिनी म्हणे नणंदेच्या डोक्याशी मी पाय करणार नाही, नणंद म्हणे मग मी काय शेजारणीच्या करू? या वेळी मी काही सुचवलं नाही. मी विचारलं, तुम्हीच सांगा. दोन दिवस वाद चालला. शेवटी त्यांनी ठरवलं की दोघीदोघींनी डोक्याला डोकं लावायचं, म्हणजे पाय पायांकडे येतात. आता निपचित पडल्यावर कुणाचा पाय कुणाच्या पायाला लागला की दोघी उठून एकमेकींना नमस्कार करतात आणि हसायला लागतात. शवासन काही होत नाही.

गॅलरीच्या मध्यावर काकूंचं दार आहे. त्या वर्गात बसत नाहीत. मेथी नाहीतर शेंगा घेऊन उंबऱ्यात बसतात आणि डोळे मिटून पडलेल्यांकडे बघत मधूनच म्हणतात, "श्वास घी गो, नुसतां निजां नको." माझ्याशी बोलतात, पण मोजकं. त्यांच्या दारासमोरची जागा सगळ्यांनी रिकामी ठेवली आहे. मी त्या जागेवर चटई टाकत नाही आणि दुसरं कुणी टाकू लागलं तर टाकू देत नाही.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मी मामांना पत्र लिहिलं. ते फोन घेतात, पण "बरं आहे ना" एवढंच विचारून ठेवतात. ते पत्र असं होतं.

"मामा, नमस्कार. पायांवर डोकं ठेवून केलेला समजा.

वर्षभर पत्र लिहिलं नाही, कारण तुम्हाला माझ्या वर्गाच्या बोर्डाचा फोटो पाठवायचा होता. तुमच्या मुलानं स्वतःची जागा केली हे तुम्ही बघावं अशी इच्छा होती. तो बोर्ड आता काढला आहे. हॉल गेला. वीस माणसं हवी होती, चौदा झाली. का झाली ते सांगतो. एका म्हाताऱ्या बाईंचे पाय मी हातानं धरून त्यांच्या गेलेल्या मालकांच्या फोटोकडे लांब केले. मला वाटत होतं, मी त्यांना निवायला शिकवतोय.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतला होता. वय, वजन, बीपी, साखर, आधीची दुखणी, ऑपरेशन. घरी झोपताना डोकं कुठे करता, ही ओळ त्यात नव्हती. तुम्ही विचारायचात तेव्हा आम्ही हसायचो. स्नेहसंमेलनात मी तुमची नक्कल केली होती, सतरंजी फिरवण्याची. तुम्ही पडद्यामागे दोरी धरून उभे होतात. तुम्ही पण हसलात, म्हणून मला वाटलं ती गंमतच आहे.

इथल्या लोकांचा मला अजून राग आहे. ते काही सांगत नाहीत. तुम्हाला तरी मुलं कुठे काही सांगायची? म्हणून तुम्ही विचारायचात, हे मला आता दिसतं, पण राग त्यानं जात नाही. रोज साडेदहाला गॅलरीत दहाजणी येतात. त्या काकू उंबऱ्यात बसतात, चटईवर येत नाहीत. मी त्यांना या म्हणत नाही. म्हणावं की न म्हणावं हे मला ठरवता येत नाही.

एवढ्यासाठीच लिहितोय. तुमच्या इतक्या वर्षांत कुणा मुलाच्या बाबतीत तुमचं असं चुकलं होतं का? सतरंजी फिरवायची राहून गेली, असं? आणि तो परत आला का, की तुम्ही त्याच्या घरी गेलात? उत्तर पत्रानंच द्या. फोनवर तुम्ही सांगणार नाही.

कॉलेजच्या फॉर्मवर ज्याच्या पालकाच्या जागी तुमची सही आहे, तो."